टर्बो गाडीचे आयडल: आधी आकडे, मग पाना

कंपनीतून आली तशीच असलेली गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी पेडल न दाबता इंजिन चालू असताना, थरथरू लागली, तर तिच्यात काहीतरी बिघडले आहे असे धरून चालता येते. मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीबाबत हे निम्मेच खरे ठरते, कारण तिथे एकही भाग बिघडलेला नसताना आयडल खराब असू शकते. बसवलेला प्रत्येक नवा भाग आपापल्या जागी उत्तम असतो, पण त्याने ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, हिशोबातली एखादी राशी हलवलेली असते, आणि तो हिशोब सर्वांत आधी उघडा पडतो तो आयडललाच. १.८ लिटरचे टर्बो इंजिन गरम झाल्यावर आयडलला सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेते. तेच इंजिन रीमॅपनंतर (ईसीयूतले इंधन-हवेचे तक्ते, म्हणजे मॅप, बदलल्यावर) पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा कोंबत असताना, दीडशे ग्रॅमच्या आसपास हवा ओढते. अर्धा ग्रॅम हवेची चूक दीडशे ग्रॅमपुढे कुणाच्या खिजगणतीतही नसते, परंतु आयडलला तीच चूक सोळा-सतरा टक्क्यांची होते. म्हणून "रस्त्यावर गाडी झकास पळते, फक्त सिग्नलला हलते" ही तक्रार ऐकून दोष किरकोळ आहे असे समजू नये. त्या वाक्यातून एवढेच कळते की चूक ठरावीक आकाराची आहे आणि ती थोड्या हवेत उठून दिसते.

हे सगळे लिहायला निमित्त झाले ते माझ्या आत्तेभावाच्या, म्हणजे दादाच्या, पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसचे. १.८ लिटर, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व, मूळची १५० पीएसची ही गाडी त्याने घेतली तेव्हाच तिच्यात पुढे टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, सिलिकॉनचे पाइप, ओपन फिल्टर, थोडे मोठे इंजेक्टर, तेलाची वाफ साठवणारा कॅच कॅन, टर्बोतून एक्झॉस्ट खाली नेणारा स्टेनलेस स्टीलचा रुंद डाउनपाइप आणि या सर्वांवर रीमॅप असा सगळा साज चढवलेला होता. कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा सातशे ते साडेनऊशेमध्ये झोके घ्यायचा, एसी लावला तर एखाद्या वेळी इंजिन बंदच पडायचे. एका गॅरेजने आधी ठिणगीच्या चारही कॉइल बदलल्या, मग प्लग बदलले, मग आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर बदलला. प्रत्येक वेळी गाडी थोडी सुधारल्यासारखी वाटली, कारण बॅटरीचे टर्मिनल काढल्यावर ईसीयूने शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि ती पुन्हा कोऱ्या पाटीपासून सुरुवात करते. आठवड्याभरात थरथर परत येत असे. "आता टर्बोच बदलूया म्हणतात," असे दादा सांगू लागला तेव्हा गाडी माझ्याकडे आली.

मी गॅरेजवाला नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कास्टिंग तपासण्याचे काम करतो, आणि तिथे लागलेली सवय एवढीच आहे की माप घेतल्याशिवाय कुठल्याही वस्तूला नापास म्हणायचे नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा की हलते आहे ते नेमके काय. स्कॅनरवर इंजिनच्या आरपीएमचा आलेख लावून पाहिल्यास उत्तर लगेच मिळते. आरपीएम वीस-तीसच्या आत स्थिर आहे आणि तरीही स्टिअरिंग व सीट थरथरते, तर इंजिन निर्दोष असून त्याला धरून ठेवणारी माउंटिंग कडक आहेत. पॉलियुरेथेनचे इन्सर्ट घातलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसते आणि त्यासाठी कॉइल बदलत बसणारे लोक मी पाहिले आहेत. आरपीएम संथपणे वर-खाली होत असेल, तर ईसीयू आणि हवा यांची रस्सीखेच चालू आहे, म्हणजे दोष हवा-इंधनाच्या मिश्रणात शोधावा. आरपीएम एका पातळीवर असून मधूनच खड्ड्यात गेल्यासारखा क्षणभर पडत असेल, तर ते मिसिंग आहे, म्हणजे मधला एखादा ठोका जळत नाही, आणि ते बहुधा एकाच सिलिंडरपुरते असते. या तिन्ही प्रकारांना बोलताना आपण "गाडी स्लोला हलते" एवढेच म्हणतो, आणि तिथेच पुढच्या सगळ्या खर्चाची बीजे पेरली जातात. हलका फ्लायव्हील बसवलेल्या गाडीत आणखी एक गुंता होतो: क्रँकच्या गतीतले बारीक चढउतार वाढतात आणि मिसिंग मोजणारी यंत्रणा नसलेले मिसिंगही नोंदवते.

इंजिनचा पिवळा दिवा लागलेला नाही, या गोष्टीवर रीमॅप केलेल्या गाडीत मुळीच विसंबू नये. कॅट (एक्झॉस्ट शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला किंवा बदलला की मागच्या लॅम्डा सेन्सरचे, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचे, दोषाचे कोड बंद केले जातात, आणि काही ट्यूनर त्याच हाताने मिसिंगचे आणि मिश्रणाचे कोडही झोपवून ठेवतात. आयडलचा आरपीएम शंभर-दीडशेने वाढवून थरथर लपवणे हा त्याचाच भाऊबंद. त्यामुळे कोड नाहीत म्हणजे दोष नाही असा अर्थ न काढता चालू आकडे वाचावेत.

त्यातले दोन आकडे मला सर्वांत मोलाचे वाटतात. या गाडीत बॉशची एमई७ मालिकेची ईसीयू आहे, आणि फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठी असलेल्या स्कॅनरवर ३२ क्रमांकाच्या गटात इंधनाच्या शिकलेल्या दुरुस्त्या शेजारी शेजारी दिसतात. पहिला आकडा बेरजेचा असतो व तो मुख्यतः आयडलजवळ प्रभावी ठरतो; दुसरा गुणाकाराचा असतो आणि तो सर्व भारांवर लागू होतो. धन आकडा म्हणजे ईसीयूला मिश्रण पातळ दिसते आहे आणि ती इंधन वाढवते आहे, ऋण म्हणजे उलट. इंजिन पूर्ण तापलेले असताना दोन्ही आकडे पाच टक्क्यांच्या आत असले तर मी ते निरोगी धरतो. थ्रॉटलनंतर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेनंतर, कुठेतरी हवेची गळती असेल तर पहिला आकडा वर जातो आणि दुसरा फारसा हलत नाही, कारण गळतीची हवा साधारण ठरलेल्या प्रमाणात येते आणि भार वाढला की ती नगण्य होते. इंधन पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा एअरफ्लो सेन्सर मोठ्या नळीत बसवून त्याचे मोजमाप मॅपमध्ये सुधारलेले नसेल, तर दुसरा आकडा वर जातो. दादाच्या गाडीत पहिला अधिक ११ आणि दुसरा अधिक ७ होता. म्हणजे दोष एक नव्हता. निदान दोन वेगळ्या जातींचे तरी होते.

दुसऱ्या आकड्याचा उलगडा कोल्हापूर जिल्ह्यात बसून करणे सोपे होते. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या इथेनॉलसाठी लागणारा ऊस आपल्याच शिवारातून कारखान्यांकडे जातो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग. वीस टक्के मिश्रणात हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आकारमानाने सात-आठ टक्के जास्त इंधन फवारावे लागते. दादाच्या गाडीचा मॅप बराच जुना, आजच्यापेक्षा कितीतरी कमी इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर केलेला होता. अशा गाडीत दुसरा आकडा सात टक्के धन दिसला, तर पंपावर संशय घेण्याआधी मॅपची तारीख विचारावी. ईसीयू ही तूट शिकून भरून काढते, त्यामुळे या कारणाने गरम इंजिनचे आयडल सहसा बिघडत नाही. पण दुरुस्तीची मर्यादा काही प्रमाणात खर्च झालेली असते, आणि त्यावर दुसरा दोष येऊन बसला की त्याला जागा उरत नाही. इंजिन थंड असताना लॅम्डा सेन्सर अजून तापलेला नसतो, त्या मिनिटभरात कुरकुर जास्त जाणवते ती यामुळे.

आता पहिला आकडा, अधिक ११.

गळती शोधताना टर्बो गाडीत हवेच्या मार्गाचे तीन भाग करून विचार करावा लागतो, कारण एकाच आकाराचे छिद्र तीन ठिकाणी तीन वेगळी लक्षणे दाखवते. एअरफ्लो सेन्सर ते टर्बोचे तोंड या भागात नेहमीच थोडी ओढ असते, त्यामुळे तिथल्या फटीतून न मोजलेली हवा आत येते. टर्बो ते थ्रॉटल या भागात, म्हणजे इंटरकूलर आणि त्याच्या पाइपांत, आयडलला दाब वातावरणाइतकाच असतो आणि बूस्टवर तो वाढतो. इथली गळती मोजलेली हवा बाहेर घालवते, बूस्टवर गाडी काळा धूर टाकते, पण आयडलवर तिचा परिणाम क्वचितच दिसतो. थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांत, आयडलला निर्वात असतो, आणि आयडलचे खरे चोर बहुतेक इथेच राहतात. "इंटरकूलरचा क्लॅम्प ढिला आहे, म्हणून स्लो खराब आहे" असे कुणी म्हणाले, तर ते निदान मी एका कानाने ऐकून सोडून देतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मॉडिफाय केलेल्या गाड्यांतच भेटतो: हवा बाहेर सोडणारा डंप व्हॉल्व. त्याचा फसफस आवाज ज्यांना प्रिय आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही, परंतु त्याची स्प्रिंग कमजोर असेल तर आयडलच्या निर्वातानेच तो अर्धवट उघडा राहतो आणि एअरफ्लो सेन्सरला वळसा घालून बाहेरची हवा आत घेतो. शिवाय एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत गिअर बदलताना मोजलेली हवा तो बाहेर टाकतो, ईसीयू मात्र त्या हवेसाठीचे इंधन फवारून बसते, आणि गाडी थांबताना आरपीएम गचका खाऊन खाली येतो. तपासणी सोपी आहे: त्याची निर्वाताची बारीक नळी काढून नळीचे तोंड बंद करावे आणि आकडे बघावेत. केवळ मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत, उदाहरणार्थ फियाटच्या १.४ टी-जेटमध्ये, हाच व्हॉल्व तितका त्रास देत नाही, कारण तिथे हवा मोजलीच जात नाही, दाबावरून तिचा अंदाज काढला जातो. एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला सरसकट लागू होत नाही त्याचे हे ठळक कारण आहे.

दादाची गाडी त्या गॅरेजमध्ये धुराच्या चाचणीत पास झालेली होती आणि त्यामुळे हवेची गळती नाही हे सर्वांनी गृहीत धरले होते. इथे जरा थांबून विचार करावा लागतो. धुराची असो किंवा पाइपाच्या तोंडाला टायरचा व्हॉल्व बसवलेले झाकण लावून पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा भरण्याची असो, या दोन्ही चाचण्यांत आपण आतून दाब देतो. (हवा भरताना रेग्युलेटर लावून दाब एक बारच्या आतच ठेवावा, आणि क्रँककेसकडे, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीकडे, जाणारी ब्रीदरची नळी बंद करावी, नाहीतर ऑइल सील बाहेर येण्याची भीती असते.) मॅनिफोल्डपासून निघणाऱ्या काही नळ्यांत मात्र एकमार्गी व्हॉल्व असतात, आणि आतून दाब आला की ते आपोआप मिटतात; त्यांच्या पलीकडची चीर दाबाच्या चाचणीत कधीही दिसत नाही, पण आयडलला निर्वात लागला की तेच व्हॉल्व उघडतात आणि चिरेतून हवा शिरते. ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या सर्व्होची नळी ही अशी नळी आहे. क्रँककेसच्या वाफेची नळी दुसरी, आणि पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व असलेली तिसरी.

या नळ्यांसाठी सर्वांत खात्रीचे हत्यार म्हणजे रबरी नळी न कापता दाबून बंद करणारा चिमटा. इंजिन तापवून, स्कॅनर लावून, एकेक नळी दाबावी आणि आरपीएमकडे न पाहता एअरफ्लो सेन्सरच्या आकड्याकडे पाहावे. आयडल राखायला इंजिनला लागणारी एकूण हवा ठरलेली असते. काही हवा चोरवाटेने येत असेल, तर ईसीयू थ्रॉटल तेवढे मिटवते आणि सेन्सरमधून जाणारी हवा कमी दिसते. चोरवाट बंद झाली की सेन्सरचा आकडा वर चढतो. दादाच्या गाडीत सर्व्होची नळी दाबताच तो २.४ वरून २.९ ग्रॅमवर गेला. कॅच कॅन बसवताना कुणीतरी ती नळी वळवून घेतली होती आणि एकमार्गी व्हॉल्वच्या पलीकडे, सर्व्होच्या बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाला रबर चिरले होते. नळी बदलली. (चिमटा लावून गाडी रस्त्यावर नेऊ नये हे सांगायला नको, ब्रेक दगडासारखे घट्ट होतात.) कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत जुन्या गाड्यांवर चालत असे, पण लालबुंद होणाऱ्या टर्बोशेजारी पेटणारा द्रव फवारणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण परदेशी पुस्तकांतले आकडे वाचून आपल्याकडचे लोक चांगल्या इंजिनला नापास करतात. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलला पाऱ्याचे १८ ते २१ इंच निर्वात दाखवते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो, आणि त्यामुळे तेच इंजिन इथे दोनएक इंच कमी दाखवते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेल्यावर गेज सुधारले, तर इंजिन सुधारले असे समजू नये. कॉम्प्रेशनचे आकडेही याच हिशोबाने सहा टक्क्यांच्या आसपास कमी येतात. तिथे एकूण आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा.

नवी नळी घालून, दुरुस्त्या पुसून, गाडी पन्हाळ्यापर्यंत फिरवून आणल्यावर पहिला आकडा ११ वरून ६ वर उतरला. झोके गेले, एसी लावल्यावर बंद पडणे गेले. पण सहा हा काही शून्य नव्हे, आणि एक नवे कोडे समोर आले: प्लग काढून पाहिले तर चारही काळे, काजळी धरलेले. ईसीयू म्हणते मिश्रण पातळ आहे, आणि प्लग म्हणतात ते गडद आहे, म्हणजे त्यात इंधन जास्त आहे. एअरफ्लो सेन्सरचा आकडा आता योग्य होता, म्हणजे हवा चोरवाटेने आत येत नव्हती.

मोठ्या इंजेक्टरांवर संशय घेणे इथे साहजिक होते. विजेचा इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंदाचा मेलेला काळ जातो, आणि तो बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. आयडलला इशाराच दोन मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे मॅपमध्ये या काळाचा आकडा ०.२ मिलिसेकंदाने जरी चुकला असला तरी इंधनात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. पूर्ण भारावर इशारा बारा-पंधरा मिलिसेकंदांचा झाला की ती चूक पुसली जाते. याची परीक्षा घ्यायला काही उघडावे लागत नाही. आयडलवर हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करावा, व्होल्टेज खाली येऊ द्यावे, आणि मिश्रणाची क्षणोक्षणीची दुरुस्ती पाहावी. व्होल्टेजबरोबर दुरुस्ती सरकत असेल, तर मॅपमधला तो तक्ता चुकीचा आहे. दादाच्या गाडीत ती जागची हलली नाही. इंजेक्टर सुटले.

मग उरला लॅम्डा सेन्सर, किंवा अधिक नेमके सांगायचे तर सेन्सरला जे दिसते ते. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो, आणि प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर दाब वातावरणाच्या खाली जातो. सेन्सरच्या आधी, टर्बो आणि डाउनपाइप यांच्या जोडात फट असेल, तर त्या क्षणी बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू बिचारी प्रामाणिकपणे इंधन वाढवत राहते. भार वाढला की आतला दाब सतत वर राहतो, हवा ओढली जात नाही, आकडा बरोबर येतो. लक्षणांचा साचा हुबेहूब मॅनिफोल्डच्या गळतीचा, कारण मात्र इंजिनच्या दुसऱ्या टोकाला. फरक ओळखण्याच्या खुणा तीन: एअरफ्लो सेन्सरचा आकडा कमी होत नाही, प्लग काळे पडतात, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात टिक-टिक असा बारीक आवाज येतो, जो धातू तापून फुगल्यावर विरून जातो. चौथी खूण पीयूसी केंद्रावर मिळते. तिथल्या यंत्रात कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन हे दोन्ही आकडे एकाच वेळी चढे दिसले, तर इंधन जास्त आहे आणि तरीही कुठूनतरी हवा मिसळते आहे असा त्याचा अर्थ. पीयूसीची चिठ्ठी आपण दंडाच्या भीतीने खिशात ठेवतो, वाचत कुणी नाही.

शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या शेडमध्ये डाउनपाइप उतरवला. तिथल्या मामांनी फ्लँजवर पट्टी आडवी धरली, उजेडाकडे तोंड करून डोळा लावला आणि म्हणाले, "साहेब, सरळ न्हाई ही. मधनं उजेड दिसतोय बघा. वेल्डिंग करताना ओढलीया." स्टेनलेसची फ्लँज पाइपाला जोडताना ती जाड पाटाला बोल्टने आवळून ठेवली नाही, तर थंड होताना हमखास वाकते, पॅकिंगवर काजळीचे काळे ओघळ उमटलेले होतेच. फिलर गेजची ०.४ मिलिमीटरची पात मधून आरपार गेली. सर्फेस ग्राइंडरवर ती फ्लँज सपाट करून मिळायला चहा पिऊन होईपर्यंतचाच वेळ लागला, आणि मजुरी विचाराल तर त्या गॅरेजमध्ये बदललेल्या एका कॉइलइतकीही झाली नाही. एखाद्या शहरात अशी कामे करणारी माणसे हाकेच्या अंतरावर असणे ही गाडी बाळगणाऱ्याची केवढी सोय असते, हे पुण्या-मुंबईत नवीन पाइप मागवून महिनाभर थांबणाऱ्यांना विचारावे. टर्बोखालचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्डही तेव्हाच काढून, आमच्या फाउंड्रीत कास्टिंगला करतात तशी, लाल रंगाच्या द्रवाने भेगांची डीपी टेस्ट करून घेतली. तिथे काही निघाले नाही.

नवे पॅकिंग, नवे नट, पुन्हा पन्हाळा. पहिला आकडा अधिक १ वर आला, दुसरा ६ वर राहिला, तो इथेनॉलचा.

एक-दोन गोष्टी या गाडीत लागल्या नाहीत, पण इतरांना लागतील. मिसिंग एकाच सिलिंडरचे असेल, तर नवी कॉइल विकत घेण्याआधी त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावावी आणि १५ व १६ क्रमांकाच्या गटांत मिसिंग कॉइलबरोबर सरकते का ते पाहावे. सरकले नाही तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची, आणि शेवटी कॉम्प्रेशन. बूस्टवर ठिणगी विझू नये म्हणून प्लगची फट कमी करण्याची पद्धत योग्यच आहे, पण ती गरजेपेक्षा बारीक केली तर आयडलच्या विरळ मिश्रणात ठिणगीला पुरेशी जागा मिळत नाही आणि मिसिंग सुरू होते. जास्त थंड प्रकारचे प्लग शहरातल्या वापरात काजळी धरतात. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि थरथर तेव्हापासूनची असेल, तर एक दात पुढे-मागे झाला आहे का हे सर्वांत आधी बघावे. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर तिचे अॅडाप्टेशन करायचे, म्हणजे ईसीयूला तिची स्थिती नव्याने शिकवायची असते, ते न करता गाडी परत देणारे महाभाग अजूनही आहेत.

कार्बन साफ करण्याच्या पॅकेजबद्दल दादाने विचारले होते. टीएसआयसारख्या, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्ववर पेट्रोल कधी पडतच नाही, तेलाची वाफ तिथे जळून थर साचतो, आणि थंड असताना मिनिटभर मिसिंग होऊन मग ते आपोआप थांबणे हे त्याचे लक्षण असते. तिथे इनटेक उतरवून व्हॉल्व खरवडून साफ करणे हा खरा उपाय आहे. दादाच्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्वच्या मागेच फवारतात आणि पेट्रोल त्यांना रोज धुते. त्यामुळे ते पॅकेज घेऊ नकोस, असे त्याला स्पष्ट सांगितले.

आता उरले आहेत दोन मुद्दे. मॅप नव्या पेट्रोलप्रमाणे सुधारून घेणे हे ट्यूनरचे काम आहे. त्याच्याकडे जाताना शिकलेल्या दुरुस्त्यांचे दोन्ही आकडे, एअरफ्लोचा आयडलचा आकडा आणि गरम-थंड दोन्ही वेळचा आलेख दादा बरोबर नेणार आहे, म्हणजे ट्यूनरला अंदाजाने आकडे भरावे लागणार नाहीत. दुसरा मुद्दा थरथरीचा. आरपीएम आता सव्वाआठशेवर ठाम उभा राहतो, पण एसीचा कंप्रेसर लागला की डॅशबोर्ड अजूनही गुणगुणतो, आणि ते इंजिन व गिअरबॉक्सला खालून धरणाऱ्या माउंटिंगमधल्या पॉलियुरेथेनच्या इन्सर्टमुळे आहे. ते काढून मूळचे रबर घातले तर गुणगुण जाईल, पण गिअर टाकताना दादाला आवडणारा तो घट्टपणाही जाईल. आत्याचे मत रबराच्या बाजूने आहे, कारण मागच्या सीटवर बसावे लागते तिला. दादाने इन्सर्ट तसाच ठेवला आहे.